कपाटाची किल्ली पुढे कोणाकडे?

मागच्या अंकात व्यावसायिक संघटनांच्या वार्षिक सभांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं: कार्यकारिणीवर माणसं आणायची कुठून, आणि एकदा आलेली बदलायची कशी? पत्रं डॉक्टरांची आहेत, इंजिनिअरांची आहेत, करसल्लागारांची आहेत. मी चौतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस केली आणि त्यातली नऊ वर्षं आमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेची सचिव होते. त्यामुळे उत्तरं देताना माझ्या डोळ्यांसमोर तीच संघटना आहे.

प्रश्न : आमच्या तालुका डॉक्टर संघटनेत ८२ सभासद आहेत. मी सहा वर्षं सचिव आहे. दर वार्षिक सभेत मी सांगतो, आता दुसऱ्या कोणीतरी घ्या. सगळे खाली बघतात. मग मागून आवाज येतो, 'डॉक्टर, तुमचं छान चाललंय, तुम्हीच बघा.' टाळ्या वाजतात आणि पुढचा विषय सुरू होतो. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. संघटना बंद पडू द्यायची नाही, पण मला आता खरंच झेपत नाही. नवी माणसं निवडायची कशी? (सचिव, लातूर जिल्हा)

उत्तर : डॉक्टर, त्या टाळ्या मीही तीनदा ऐकल्या आहेत. त्या मनापासूनच्या असतात, पण त्या वाजल्या की सभागृहातल्या सगळ्यांची सुटका होते आणि एकजण पुन्हा दोन वर्षांसाठी अडकतो.

आमचं गाव माउलींच्या पालखीच्या वाटेवर आहे. पालखी येते तेव्हा संघटना मोफत उपचार केंद्र चालवते. तळपायाचे फोड, मुरगळलेले घोटे, उलट्या-जुलाब, वाढलेली शुगर, आणि पहाटे तीनला कंबर धरून आलेल्या आजी, ज्यांना औषधापेक्षा पाठीला टेकायला भिंत हवी असते. डॉक्टरांच्या चार-चार तासांच्या पाळ्या असतात. त्या पाळ्यांसाठी मला कधी कोणाची मनधरणी करावी लागली नाही. पाळीपत्रक सकाळी ग्रुपवर टाकलं की दुपारच्या जेवणापर्यंत भरलेलं असायचं. साठ सभासदांतले चाळीस-पंचेचाळीस यायचे. आणि याच साठांतून कार्यकारिणीसाठी सात माणसं मिळता मिळत नसत. मी बरीच वर्षं समजत होते की वारीला लोक श्रद्धेपोटी येतात आणि संघटनेबद्दल त्यांना आस्था नाही. एकदा केंद्रावर चहा पिताना आमच्या एका सर्जननी सांगितलं, "मॅडम, ही ड्युटी दहाला सुरू होते आणि दोनला संपते. तुमचं सचिवपद कधी संपतं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझं पद तेव्हा सातव्या वर्षात होतं. नियमावलीत मुदत दोन वर्षांची होती, पण पुन्हा किती वेळा निवडून यायचं याची मर्यादा नव्हती. माझ्याकडे बघून प्रत्येकाला कळत होतं की एकदा आत गेलं की बाहेर यायची वाट नाही. माणसं कामाला घाबरत नव्हती. न संपणाऱ्या कामाला घाबरत होती.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा तुमची तारीख ठरवा. सभेत तोंडी सांगू नका. पुढच्या कार्यकारिणी बैठकीत लेखी द्या की अमुक तारखेनंतर मी सचिवपदी राहणार नाही, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. शक्यतो दहा-बारा महिने आधी. पत्र दिल्यावर मागे फिरू नका, कितीही आग्रह झाला तरी. तुमच्या मुलाची दहावी हे पुरेसं कारण आहे, आणि ते नसतं तरी सहा वर्षं हे पुरेसं कारण होतं.

दुसरं, एक वही घ्या आणि वर्षभरात सचिव म्हणून तुम्ही जे जे करता ते महिन्यागणिक लिहा. मी लिहिलं तेव्हा एकतीस कामं निघाली. हॉल ठरवणं, व्याख्यानाला येणाऱ्या डॉक्टरांना पत्र पाठवणं, त्यांना एसटी स्टँडवरून आणणं, वर्गणीच्या पावत्या, निधनाची बातमी कळवणं, डॉक्टर्स डेचा केक. त्यातली खरोखर सचिवाने करायची म्हणावीत अशी नऊच होती: विषयपत्रिका, इतिवृत्त, पत्रव्यवहार, सह्या, धर्मादाय कार्यालय (जिथे संस्थेची नोंदणी असते) वगैरे. उरलेली बावीस मी सवयीने स्वतःकडे ओढली होती. ती वाटा, आणि प्रत्येकाला शेवटची तारीख लावा. 'जून ते ऑगस्ट व्याख्यानांचे वक्ते तुम्ही बघा' असं म्हटलं की माणूस हो म्हणतो. 'सीएमई समिती (डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाची) तुमच्याकडे' म्हटलं की तो विचार करून सांगतो म्हणतो, आणि पुढे सांगत नाही.

तिसरं काम शोधण्याचं. तीन जणांची शोध समिती करा: एक ज्येष्ठ, एक मधल्या वयाचे, एक गेल्या पाच वर्षांत सभासद झालेले. अट एकच, त्या तिघांपैकी कोणीही या वेळी पदासाठी उभं राहणार नाही. आणि त्यांना सांगा की सभेत जे चांगलं बोलतात त्यांच्याकडेच बघू नका. एका वर्षी पालखी पुढे गेल्यावर रात्री साडेअकराला आम्ही केंद्र आवरत होतो. सगळे दमून गाड्यांकडे निघाले. एक तरुण डॉक्टर, गावात येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं, खाली सतरंजीवर बसून उरलेली ओआरएसची पाकिटं मोजत होते. मोजून त्यांनी खोक्याच्या बाजूवर स्केच पेनने आकडा लिहिला, खाली एक्स्पायरीची तारीख लिहिली, आणि खोकं दोरीने बांधून भिंतीला लावलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी आमचे खजिनदार तेच झाले, आणि त्यांच्या काळात हिशेबात एका रुपयाचाही घोळ झाला नाही. सभांमध्ये ते आजही फारसं बोलत नाहीत.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. ग्रुपवर विचारू नका. दुपारी दोनच्या सुमाराला, सकाळची ओपीडी संपली की, दवाखान्यात जाऊन समोर बसा. कामाचं एक पान हातात द्या: काय करायचं, महिन्याला किती तास, कधीपासून कधीपर्यंत, मदतीला कोण. विचार करायला आठ दिवस द्या. 'फार काही काम नसतं' असं चुकूनही म्हणू नका. ते खोटं असतं, आणि पहिल्या महिन्यातच उघडं पडतं. आणि समोरचा नाही म्हणाला तर कारण खोदून विचारू नका. पुढच्या वर्षी पुन्हा जा. आमच्याकडे एक बालरोगतज्ज्ञ चौथ्या वर्षी हो म्हणाल्या.

नवे सचिव मिळाले की त्यांना एकदम सचिव करू नका. एक वर्ष सहसचिव म्हणून तुमच्याबरोबर बसू दे. रोटरीत पुढच्या वर्षीचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि १ जुलैला पद हाती येईपर्यंत तो तयारी करत असतो. तुमच्यातले काही रोटेरियन असतीलच, त्यांना विचारा. फक्त बदलाचा दिवस जपून निवडा. आम्ही हौसेने १ जुलैला, डॉक्टर्स डेला, सूत्रं द्यायचो. तो नेमका वारीचा आणि पावसाळी आजारांचा हंगाम. नव्या सचिवांना विषयपत्रिका कशी लिहायची हे कळायच्या आत पालखी दारात यायची. मग आम्ही मे महिन्यातल्या वार्षिक सभेनंतर सूत्रं द्यायला लागलो, पण त्या वर्षीचं वारीचं केंद्र जुन्याच चमूने चालवायचं आणि नव्यांनी सोबत उभं राहायचं असं ठरवलं. खजिनदार मात्र आधीच्या वर्षाचं ऑडिट सहीनिशी हातात आल्यावरच मोकळे होतात.

प्रश्न : १९९१ साली आम्ही पाच जणांनी करसल्लागारांची ही संघटना सुरू केली. खिशातले पैसे घातले, जागा मिळवली. आता तरुण मंडळी नियमावलीत 'एकाच पदावर सलग दोनपेक्षा जास्त वेळा राहता येणार नाही' असं कलम घालायचं म्हणतात. तसं झालं तर आम्ही पाचही जण एकाच वेळी बाहेर पडू. अनुभवाला काहीच किंमत नाही का? (संस्थापक सदस्य, नाशिक)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. संस्था उभी करणाऱ्याला 'आता बाजूला व्हा' हे ऐकताना काय वाटतं, ते मी आमच्या ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. तुम्ही विचारलंय म्हणून आमच्याकडे काय घडलं ते सांगते.

आमचे आधीचे सचिव चौदा वर्षं त्या पदावर होते. अत्यंत निरलस माणूस. संघटनेचं सगळं त्यांना तोंडपाठ: कोणाची वर्गणी राहिली आहे, कुठल्या बँकेत मुदतठेव आहे, नोंदणी कधीची. एका मार्चमध्ये रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि पहाटे ते गेले. मी सहसचिव होते, नावापुरती. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं आणि कपाटाची किल्ली दिली. कपाट त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमागे होतं. आत जुनी पावतीपुस्तकं, शिक्का, गुंडाळलेला बॅनर, आणि इतिवृत्ताच्या दोन वह्या. दुसरी वही चार वर्षांपूर्वी थांबली होती. नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र तिथे नव्हतं. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून सुरुवातीच्या काळातली कार्यकारिणी होती, त्यातले दोघे हयातही नव्हते. बँकेने नव्या सह्या घ्यायला नकार दिला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. त्या वर्षी वारीचं केंद्र आम्ही घरोघरी पैसे गोळा करून चालवलं. खातं सुरू व्हायला चौदा महिने लागले.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. पण चौदा वर्षांचा अनुभव एकाच डोक्यात राहिला, आणि तो एका रात्रीत गेला.

म्हणून मर्यादेच्या कलमाला तुम्ही विरोध करू नका असं मी म्हणेन. मात्र तुमची एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे: पाचही जण एकदम बाहेर पडणं संस्थेच्या हिताचं नाही. त्यावर उपाय जुना आहे. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. १९५२ मध्ये राज्यसभा सुरू झाली तेव्हा सगळेच एकदम आलेले होते. मग आधी कोणी निवृत्त व्हायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तुमच्या संघटनेतही तेच करता येईल. पहिल्या वर्षी पाचांपैकी दोघे, दुसऱ्या वर्षी दोघे, तिसऱ्या वर्षी एक, आणि क्रम चिठ्ठीने. कोणी कोणाला काढलं असं होत नाही. कलमात एवढंही लिहून घ्या की एक मुदत खंड पडल्यावर पुन्हा उभं राहता येईल.

पद फिरल्याने संस्था मोडत नाही याचं घरातलंच उदाहरण अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचं आहे. १९६१ पासूनची ही संस्था. तिचं कार्यालयच दर तीन वर्षांनी घटक संस्थांमध्ये फिरतं: पुणे, मुंबई, नागपूर, मराठवाडा. कार्यालय हलवायचं म्हणजे दप्तर, हिशेब, पत्रव्यवहार सगळं बांधून दुसऱ्या गावच्या माणसांच्या हाती द्यायचं. फिरणाऱ्या संस्थेचे कागद कोणाच्या घरात मुरत नाहीत.

तुम्हा पाच जणांना सल्लागार म्हणून बैठकीला सन्मानाने बोलवावं, बोलायचा हक्क असावा, मताचा नसावा, असं सुचवते. आणि एक विनंती. तरुणांपैकी एकाला दर शनिवारी तासभर घरी बोलवा आणि १९९१ पासूनचं सगळं सांगा, त्याला लिहून घेऊ दे. जागा कोणाच्या नावावर कशी झाली, पहिली वर्गणी किती होती, कुठला वाद का मिटला. माझ्या आधीच्या सचिवांकडून हे घ्यायचं राहून गेलं, त्याची हळहळ मला अजून आहे.

प्रश्न : मी दंतवैद्यक आहे, वय ३३. कार्यकारिणीत मला 'महिला प्रतिनिधी' म्हणून घेतलं. बैठका रात्री साडेनऊनंतर हायवेवरच्या हॉटेलात असतात. माझं बाळ दीड वर्षाचं आहे. तीन बैठका चुकल्या, तर 'मॅडमना इंटरेस्ट नाही' असं बोललं जातं. कार्यक्रमात माझ्या वाट्याला सूत्रसंचालन आणि पुष्पगुच्छ. राजीनामा द्यावा का? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : इतक्यात देऊ नका. आधी कार्यकारिणीला एक पत्र द्या, फक्त बैठकीच्या वेळेबद्दल. कोण निवडून येणार हे मतपत्रिकेच्या आधी बैठकीची वेळच ठरवून टाकते. रात्री दहाला हायवेवर ज्यांना जाता येतं तेच संघटना चालवतात. त्यात लहान मुलांच्या आया नसतात, घरी आजारी आईवडील असणारे नसतात, तालुक्याच्या टोकाच्या गावातून येणारे नसतात.

आमच्याकडे मी स्वतः पाच वर्षं रात्रीच्या बैठका घेतल्या. माझी मुलं मोठी झालेली होती, म्हणून मला ते खुपलं नाही. ती चूक माझी. एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, सकाळी नाही का जमणार?" तेव्हा कुठे ध्यानात आलं. महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी आठ ते सव्वानऊ, ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची खोली, चहा आणि पोहे. सव्वानऊला उठायचं म्हणजे उठायचं. पुढच्या निवडीत पाच नवी नावं आली, त्यातल्या तिघी होत्या. बैठका निम्म्या वेळात संपायला लागल्या, हा फायदा तर पुरुषांनाही झाला.

पुष्पगुच्छांबद्दल: 'महिला प्रतिनिधी' हे पद नाही, ती एक खुर्ची आहे. तुम्ही नाव असलेलं काम मागा. खजिनदारपद मागा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या वकिलांच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखायला सांगितलं. शिवाय पदाधिकाऱ्यांपैकी किमान एक पद आळीपाळीने महिलेसाठी ठेवायला सांगितलं, आणि २०२४-२५ साठी पहिली पाळी खजिनदारपदाची ठरवली. ज्या हाताने पैशांचा हिशेब ठेवायचा तो हात. पत्रासोबत ही माहितीही जोडा. सहा महिन्यांत वेळही बदलली नाही आणि कामही मिळालं नाही, तर मग राजीनामा द्या, आणि त्यात कारण स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमच्या इंजिनिअर-आर्किटेक्ट संघटनेत मागच्या वेळी निवडणूक झाली. दोन पॅनेल पडली, फ्लेक्स लागले, जेवणावळी झाल्या. हरलेले वीस-पंचवीस जण आता कार्यक्रमांना फिरकत नाहीत. यंदा एकमताने निवड करावी असं ज्येष्ठ म्हणतात. काहींना ती ज्येष्ठांची मनमानी वाटते. काय करावं? (सांगली)

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आठवा. वर्षानुवर्षं ठरावीक मतदारांच्या मतांवर ती निवडणूक व्हायची, प्रचार व्हायचा, कटुता यायची. महामंडळाने ती पद्धत बदलली, आणि यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या ९२व्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. मला ते आवडलं होतं. पण संमेलनाध्यक्षपद मानाचं आहे. ज्यांच्या सहीने चेक वटतात अशी पदं मानाची नसतात. तिथे एकाहून जास्त नावं आली तर गुप्त मतदानच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. 'बिनविरोध' शब्दाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. पण बिनविरोध करण्यासाठी ज्याला मागे घ्यायला लावलं, त्याच्या मनात काय राहिलं हे इतिवृत्तात येत नाही.

त्रास मतदानाने होत नाही, पॅनेलने होतो. म्हणून सभेत आधीच ठराव करून घ्या: मतपत्रिकेवर नावं अकारविल्हे छापायची, पॅनेलचं नाव कुठेही नाही, फ्लेक्स नाही, जेवण नाही. प्रत्येक उमेदवाराने एक पान लिहून द्यायचं, मी दोन वर्षांत काय करीन, आणि ती सगळी पानं एकत्र सभासदांना पाठवायची. हा ठराव नावं यायच्या आधी व्हायला हवा. एकदा नावं समोर आली की प्रत्येक नियम कोणाविरुद्ध तरी केल्यासारखा दिसतो. निकालानंतरच्या महिन्याभरात नव्या अध्यक्षांनी हरलेल्या प्रत्येकाकडे स्वतः जाऊन एक नेमकं काम मागावं. मागच्या वेळचे वीस-पंचवीस जण तुमच्याकडे अजून येऊ शकतात, पण बोलावणं घरी गेलं पाहिजे.

आणि उपसमित्यांसाठी, म्हणजे सहल, व्याख्यानं, स्मरणिका यांसाठी, एक फार जुनी पद्धत वापरून बघा. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातला, इ. स. ९२०च्या सुमाराचा शिलालेख आहे. गावाच्या समित्या कशा निवडायच्या, त्याचे नियमच दगडात कोरलेले. गावाचे तीस भाग. पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढायची. मुदत ३६० दिवस. मागच्या तीन वर्षांत समितीवर असलेला पुन्हा नको. आणि ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही तो अपात्र, त्याचे जवळचे नातेवाईकसुद्धा अपात्र. त्या नियमांत जमीनदार आणि वेद शिकलेले पुरुषच बसत, बाकीच्या गावाला दार बंद होतं, हेही सांगायला हवं. पण हिशेब दिल्याशिवाय पुन्हा पद नाही, हे कलम मला अकराशे वर्षांनंतरही कोणाच्या नियमावलीत सहसा दिसलेलं नाही. मी आमच्या नियमावलीत ते घालून घेतलं.

आम्ही सीएमई समितीसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पाच जागा, अकरा इच्छुक. शोध समितीने आधी सगळ्यांची वर्गणी आणि तयारी पाहून घेतली, मग एका सभासदाच्या सहा वर्षांच्या मुलीने स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. राहिलेल्या सहा जणांची नावं क्रमाने लिहून ठेवली, पुढच्या वर्षी आधी त्यांना विचारायचं म्हणून. कोणीही रुसलं नाही.

प्रश्न : नवीन माणूस निवडला, पण तो कामच करत नसेल तर? (अहिल्यानगर)

उत्तर : दोन महिने थांबा, मग एकट्याने भेटा. बहुतेक वेळा घरी काहीतरी झालेलं असतं. त्याला सन्मानाने बाहेर पडायची वाट द्या: 'आत्ता जमत नसेल तर सहा महिने हे काम दुसऱ्याकडे देऊ.' लागोपाठ तीन बैठकांना न कळवता गैरहजर राहिल्यास जागा रिकामी समजावी, असं कलम असू द्या. पण ते वापरायच्या आधी भेट झालेली असली पाहिजे. आणि काम काढून घेतल्यावर त्या माणसाच्या जागेवर पुन्हा जुन्या सचिवांना बसवू नका. मी तीच चूक केली. एका तरुण डॉक्टरांनी व्याख्यानाची पत्रं उशिरा पाठवली, म्हणून पुढची मीच पाठवली, त्यांना न सांगता. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. आज ते चांगली प्रॅक्टिस करतात, भेटले की आदराने बोलतात, पण संघटनेत परतले नाहीत.

प्रश्न : कार्यकारिणी बदलली की कायद्याने काय करावं लागतं? आमच्याकडे २०१४ नंतर कुठेच काही कळवलेलं नाही. (तालुका संघटना, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : तुमची संघटना सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बोलीभाषेत चेंज रिपोर्ट. त्यासाठी सभेची नोटीस, ती सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतीपत्रं हे सगळं लागतं. म्हणून सभेच्या दिवशीच संमतीपत्रांवर सह्या घ्या. नंतर एकेकाच्या दवाखान्यात किंवा ऑफिसात फिरायला लागतं आणि एखादी सही राहतेच.

२०१४ पासूनचे राहिलेले बदल एकाच अर्जात गुंडाळता येतील असं समजू नका. प्रत्येक निवडीचा अर्ज वेगळा, क्रमाने, आणि उशीर माफ करण्याच्या विनंतीसह द्यावा लागेल. आमचे तीन द्यावे लागले. ट्रस्टची कामं करणाऱ्या वकिलांकडे सगळ्या वह्या घेऊन जा, आणि जिथे इतिवृत्त नाही तिथे आता मागची तारीख टाकून लिहायचा मोह टाळा. नाही ते नाही म्हणून सांगा.

पुढच्यासाठी ९० दिवसांचा हिशेब सभेच्या रात्रीच मांडून ठेवा. वार्षिक सभा १५ मेला झाली तर शेवटचा दिवस १३ ऑगस्ट येतो. तेव्हा डेंग्यू आणि तापाच्या रुग्णांनी ओपीडी भरलेली असते, कोणाला जिल्ह्याच्या गावी जायला सवड नसते. अर्जाची फाइल मे संपायच्या आत वकिलांकडे पोचवा, आणि त्याची पोच कपाटात ठेवा.